पूर्व विदर्भातील तलावांवर चार दिवस गळ टाकायला जायचे आहे : नियोजनासाठी मदत हवी

पाणथळ — 3 डिसेंबर, सकाळी 8:40

नमस्कार. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझा धाकटा भाऊ आणि आमचे वडील असे तिघे जण गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतील तलावांवर गळाने मासे धरण्यासाठी चार दिवस जाण्याचा विचार करत आहोत. वडिलांचे वय आता 74 आहे. नोकरीची पहिली चार वर्षे त्यांनी साकोलीत काढली, आणि सुटीच्या दिवशी जवळच्या एका बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर (बांधावर) बसून, बांबूच्या काठीला दोरा बांधून धरलेल्या मरळीच्या आठवणी आमच्या घरात आजही निघतात. त्या पाण्याकाठी पुन्हा एकदा बसायचे आहे, असे ते गेल्या दिवाळीत म्हणाले आणि तेव्हापासून हा बेत आमच्या मनात आहे.

मी आणि भाऊ पुण्यात राहतो आणि गेली दहा-बारा वर्षे पानशेत, खडकवासला आणि भिगवणचा फुगवटा येथे गळ टाकतो. मात्र ही सगळी मोठ्या धरणांची पाणी आहेत. लहान, उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावांचा आम्हाला अनुभव नाही. नकाशा उघडला की अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, साकोली, लाखांदूर या तालुक्यांत निळे ठिपके इतके दाट दिसतात की सुरुवात कुठून करावी हेच उमगत नाही. कोणत्या तलावांवर जाता येते, परवानगी कोणाकडे मागायची, त्या दिवसांत मासा घास घेतो का, आणि वडिलांना फार चालावे लागणार नाही अशी जागा मिळेल का, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

झाडीकर — 3 डिसेंबर, रात्री 9:15

पाणथळ, आपल्या वडिलांची इच्छा वाचून फार बरे वाटले. माझे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलेच आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहितो. परवानगीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीचे सगळे नियोजन त्या एका गोष्टीवर उभे राहते.

नकाशावरचे ते निळे ठिपके बहुतेक सगळे माणसांनी बांधलेले तलाव आहेत. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळत असे, असे आमच्याकडे सांगितले जाते. कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीच्या उताराचा आणि येणाऱ्या पाण्याचा इतका नेमका अंदाज घेऊन या पाळी घातल्या की त्यांतल्या कित्येकांच्या भरवशावर आजही धान पिकते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलताना सगळे मामा तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. शेतकऱ्यांच्या खासगी मालकीच्या बोड्या त्याखेरीज आहेत.

यांतल्या लहान तलावांच्या पाण्याचा कारभार जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो. मासेमारीचा हक्क मात्र ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे जातो आणि या संस्थांचे सभासद बहुतांशी ढिवर समाजाचे आहेत. आता जी गोष्ट पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींच्या लक्षात येत नाही ती सांगतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातले वाहते, चढते पाणी लागते. म्हणून संस्था दर वर्षी पावसाळ्यात मत्स्यबीज किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकत आणून तलावात सोडते. आपल्या गळाला लागलेला दीड किलोचा रोहू कोणीतरी पैसे देऊन आणलेला, वर्षभर राखलेला आणि उन्हाळ्यात विकून घर चालवण्यासाठी ठेवलेला मासा असतो. तलावाला कुंपण नसते, पाळीवर पाटी नसते, म्हणून ते पाणी बिनमालकाचे वाटते. तसे ते नाही.

तेव्हा आधी गाव ठरवावे, मग त्या गावच्या संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना प्रत्यक्ष भेटून अथवा फोनवर बोलून परवानगी घ्यावी आणि त्यानंतरच रेल्वेचे तिकीट काढावे. संस्था कोणती हे कळत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय असते, तिथे कोणता तलाव कोणत्या संस्थेकडे आहे याची माहिती मिळते. खासगी बोडीसाठी त्या शेतकऱ्याचा होकार पुरेसा आहे.

शांतगळ — 4 डिसेंबर, सकाळी 7:05

झाडीकर यांनी पाया उत्तम घालून दिला आहे. मी तीन हिवाळे त्या भागात गळ टाकला आहे, त्या अनुभवावरून दिवसांबद्दल आणि साधनांबद्दल लिहितो.

जानेवारीचा शेवटचा आठवडा मला पसंत नाही. गोंदियाचा पारा हिवाळ्यात विदर्भात सर्वांत खाली उतरणाऱ्या ठिकाणांपैकी असतो आणि तलाव उथळ असल्याने रात्रीच्या थंडीने पाणी लवकर गार पडते. पाणी 20 अंशांच्या आसपास उतरले की कटला आणि रोहू यांची भूक मंदावते. पानशेतला आपण पहाटे पाच वाजता जाऊन बसतो ती सवय तिथे जानेवारीत उपयोगाची नाही. मी पहिल्या वर्षी सकाळी सहापासून दहापर्यंत तरंग्याकडे बघत बसलो आणि एकदाही तो हलला नाही. दुपारी एकनंतर, ऊन पाण्यात मुरल्यावर, त्याच जागी दोन तासांत चार मासे लागले. फेब्रुवारीचा तिसरा किंवा चौथा आठवडा हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ आहे. पाणी ऊबदार होऊ लागलेले असते आणि तलाव अजून आटलेले नसतात. मार्चच्या पुढे पाणी कमी होऊ लागते आणि संस्थांची जाळ्यांची मोठी मासेमारी सुरू होते.

साधने पुण्याच्या निम्मी न्यावीत. धरणावर आपण लांब फेकीसाठी जड दांड्या आणि मोठी शिसे वापरतो. तलावात काठापासून दहा-पंधरा मीटरवरच मासा चरत असतो आणि जड शिसे पाण्यावर आदळले की अर्धा तास ती जागा वाया जाते. आठ-नऊ फुटांची हलकी दांडी, 0.30 मिलिमीटरच्या आसपासचा दोरा, लहान तरंगा आणि त्याला सरळ उभा धरील एवढेच शिसे पुरते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तलावाची खोली काठाजवळ सहा-सात फूट असेल तर तरंगा दोऱ्यावर फक्त वर-खाली सरकवून तिन्ही माशांचा शोध एकाच जागेवरून घेता येतो, आणि लहान पाण्याची मला वाटणारी सर्वांत मोठी गंमत हीच आहे.

मरळीसाठी वेगळी दांडी न्यावी, कारण ती वनस्पतींच्या आत राहते आणि तिला तिथून ओढून काढण्यासाठी जाड, विणलेला दोरा लागतो. प्लास्टिकचा पोकळ बेडूक, ज्याचे गळ अंगाला चिकटून असतात आणि पानांत अडकत नाहीत, तो उत्तम चालतो.

वैनगंगाकाठ — 4 डिसेंबर, दुपारी 2:30

शांतगळ दादांनी सुचवलेल्या फेब्रुवारीला माझेही अनुमोदन आहे, आणि त्याला आणखी एक कारण जोडते. दिवाळीनंतर धान कापून झाले की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटके यांचा हंगाम सुरू होतो. जानेवारीत वडसा आणि अर्जुनीच्या बाजूला जवळजवळ रोज कुठे ना कुठे रात्रभर नाटक असते. गावातली माणसे तेव्हा पाहुण्यांत आणि धावपळीत असतात. फेब्रुवारीच्या शेवटी संस्थेचे लोक निवांतपणे आपल्याशी बोलू शकतील. वडिलांना नाटक पाहायचे असेल तर एखादे तेव्हाही मिळेल.

मी भंडाऱ्याची आहे आणि अभ्यासाच्या निमित्ताने गेली काही वर्षे तलावांवर जाते. आपण गळ टाकायला जात आहात, तर पाण्यात काय उरले आहे हेही डोळसपणे पाहावे असे मला मनापासून वाटते. जुन्या ढिवर मंडळींना विचारले तर ते देशी माशांची नावे बोटांवर मोजत जातात आणि मध्येच थांबून सांगतात की यातला अमुक मासा आता दिसत नाही. उत्पन्न वाढावे म्हणून तलावांत बाहेरचे मासे सोडले गेले. त्यांतला गवत्या मासा पाणवनस्पती खाऊन टाकतो आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाचा चिखल उकरतो, त्यामुळे वनस्पतींची मुळे टिकत नाहीत. पाण्याखालची वनस्पती गेली की लहान देशी माशांची अंडी घालण्याची आणि लपण्याची जागा गेली. काठावर बेशरम पसरली की उथळ भाग कोरडा पडत जातो. ती झुडपे बाहेरून हिरवीगार दिसतात, पण त्यांत ना मासा राहतो ना पक्षी.

यावर उपाय करणारी माणसेही इथेच आहेत. मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या लोकांबरोबर कित्येक तलावांत बेशरम उपटणे, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भागात नांगरणी करणे आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे असे काम केले आहे. या कामात गावातल्या ढिवर स्त्रियांचा मोठा वाटा आहे. असा एखादा तलाव आपल्या वाटेवर असेल तर तिथे गळ न टाकता फक्त काठाने फिरून यावे. पाण्यात वाकून पाहिले तर तळापर्यंत हिरवी जाळी दिसते आणि त्या जाळीत बोटाएवढे मासे थांबून असतात. तेवढ्यासाठी एक सकाळ दिली तर ती वाया जाणार नाही.

पाणथळ — 4 डिसेंबर, रात्री 10:20

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना हे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. बोटुकलीचा मुद्दा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की त्या काळी आम्ही कोणालाच विचारले नव्हते. तारखा आम्ही फेब्रुवारी 21 ते 24 अशा बदलल्या आहेत.

तीन शंका आहेत. नवेगाव बांधच्या तलावाबद्दल खूप ऐकले आहे, तिथे गळ टाकता येईल का? दुसरी शंका धरलेल्या माशाची. पुण्यात आम्ही मासा सोडून देतो, तीच पद्धत इथे ठेवावी का? आणि तिसरे म्हणजे एक ओळखीचे गृहस्थ एका दलालाचे नाव सुचवत आहेत, जो राहणे, जेवण आणि मासेमारीची परवानगी अशी एकत्र व्यवस्था करून देतो. तो मार्ग घ्यावा का?

रानवाट — 5 डिसेंबर, सकाळी 11:45

तिसऱ्या शंकेचे उत्तर मी माझ्या अनुभवातून देतो, कारण त्यात चूक माझीही होती.

चार वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्र अशाच एका एकत्र व्यवस्थेतून गेलो होतो. पैसे आधी भरले होते आणि परवानगी काढली आहे असे आम्हाला तोंडी सांगितले गेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाळीवर बसलो असताना गावातून सात-आठ माणसे आली. त्यांनी आरडाओरड केली नाही. त्यांच्यातल्या वयस्क गृहस्थांनी आमच्या टोपलीत पाहिले, त्यात तीन कटला होते, आणि विचारले की हे तुम्ही कोणाला विचारून काढले. आमच्याकडे दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. ज्याने पैसे घेतले होते तो फोन उचलत नव्हता, आणि संस्थेला त्यातला एक रुपयाही मिळालेला नव्हता. आम्ही माशांची किंमत दिली, माफी मागितली आणि गळ गुंडाळले. ते गृहस्थ जाताना एवढेच म्हणाले की विचारले असते तर आम्ही नाही म्हटले नसते. त्यानंतर मी कोणत्याही तलावावर संस्थेची पावती खिशात असल्याशिवाय दांडी उघडलेली नाही. मधल्या माणसाला भरलेले पैसे पाण्याच्या खऱ्या हक्कदाराकडे पोहोचले की नाही हे कळण्याचा आपल्यापाशी काही मार्ग नसतो. स्वतः बोलावे.

झाडीकर — 5 डिसेंबर, रात्री 8:50

रानवाट यांनी लिहिले ते अगदी खरे आहे, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

नवेगाव बांधबद्दल. तो तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. भोवतीच्या डोंगरांना आमच्याकडे सात बहिणी म्हणतात. नवेगाव 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या हद्दीत हौसेची मासेमारी हा विषयच नाही, तेव्हा तिथे दांडी गाडीतून बाहेर काढू नये. मात्र पाहण्यासाठी जरूर जावे. मारुती चितमपल्ली यांचा वनाधिकारी म्हणून दीर्घ काळ या परिसरात गेला आणि इथल्या पक्ष्यांवर त्यांनी जे लिहिले ते वाचून आलात तर तो तलाव निराळाच दिसेल. बोदलकसा आणि चोरखमारा हे तलावही जंगलाला लागून आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी वनविभागाकडे हद्दीची आधी चौकशी करावी. इटियाडोह हे गाढवी नदीवरचे मोठे धरण आहे. तिथे आपल्याला पानशेतसारखेच वाटेल, म्हणून चार दिवसांच्या सहलीत त्याला वेळ देऊ नये.

वडिलांसाठी जागा निवडताना गावाला लागून असलेला तलाव पाहावा. अशा तलावाच्या पाळीपर्यंत गाडी जाते, पाळीवर आंब्याची किंवा जांभळाची जुनी झाडे असतात आणि तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याची दगडी वाट असते तिथे, बसायला सपाट जागा मिळते. तुडुमाच्या बाजूला पाणी सर्वांत खोल असते, त्यामुळे बसल्या जागी तळाचा मासाही मिळतो. मात्र बायकांचा धुण्याचा किंवा जनावरांचा घाट असेल तिथून लांब बसावे. जंगलाकडच्या टोकाला सूर्यास्तानंतर थांबू नये. मोहाचे दिवस जवळ आले की अस्वले फिरू लागतात, आणि वाघाचा वावर तर या भागात आहेच. रात्रीच्या मासेमारीचा विचार सोडून द्यावा.

शांतगळ — 6 डिसेंबर, सकाळी 6:50

मासा सोडावा की ठेवावा याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मी सोडतो. उलटे टोक दाबून सपाट केलेला गळ, ओले हात, मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक नाही आणि कोरड्या दगडावर किंवा मातीवर कधीच नाही, एवढे पाळले तर तो जगतो. संस्थेचाही त्यात तोटा नाही, कारण मासा तलावातच राहतो.

वैनगंगाकाठ — 6 डिसेंबर, सकाळी 10:10

दादा, आपल्याशी थोडी असहमत आहे. फेब्रुवारीत, गार पाण्यात, काळजीपूर्वक सोडलेला मासा जगतो हे मान्य. पण ज्याचे पोट त्या माशावर आहे त्याच्या डोळ्यांसमोर मासा ओढून काढायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, हे गावातल्या माणसाला चमत्कारिक वाटते, आणि मला त्यांचे वाटणे रास्त वाटते. माझ्या मते कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे संस्थेने सोडलेले मासे धरले तर ठेवावेत, संस्थेच्या काट्यावर तोलून त्यांची किंमत द्यावी आणि खावेत. शिंगी, देशी मांगूर किंवा नाव न ओळखता येणारा कोणताही लहान देशी मासा लागला तर तो लगेच सोडावा. ते मासे तलावातच वाढतात आणि त्यांची संख्या आपोआप भरून येईल याची खात्री देता येत नाही. मरळीचे प्रजनन मुख्यतः पावसाळ्यात होते, त्यामुळे फेब्रुवारीत एखादी ठेवायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की त्याखाली राखण करणारी जोडी असते. त्या जोडीला धरले तर पिल्ले एका दिवसात इतर माशांच्या पोटात जातात. म्हणून त्या दिवसांत गळ बांधूनच ठेवावा.

दोऱ्याचा एक तुकडाही काठावर टाकू नये. गोंदियाच्या तलावांवर आणि धानाच्या बांधांवर सारस राहतात आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. नायलॉनचा दोरा पायात गुंतलेला बगळा मी स्वतः कात्रीने सोडवला आहे. दोरा हाडापर्यंत रुतला होता.

ओंजळ — 6 डिसेंबर, रात्री 11:30

मी मूळची नागपूरची आणि सध्या मिनेसोटात राहते. इथे तर गाड्यांच्या पाट्यांवरच दहा हजार तळ्यांचे राज्य असे लिहिलेले असते. इथे गळ टाकण्यासाठी राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि वॉलाय नावाच्या माशासाठी एका माणसाने एका वेळी किती ठेवायचे याची मर्यादा ठरलेली आहे. हा नियम मोडताना मी फारसे कोणाला पाहिलेले नाही. आपल्या बेतातही तिघांनी मिळून दिवसाला किती मासे ठेवायचे हा आकडा संस्थेशी बोलतानाच ठरवून घेतला तर बरे होईल. पाण्यावर बसल्यावर आकडा ठरवणे फार अवघड जाते.

शांतगळ — 7 डिसेंबर, सकाळी 7:20

वैनगंगाकाठ ताई, आपला मुद्दा पटला. संस्थेचा मासा तोलून विकत घ्यावा, हेच योग्य आहे. पुढच्या वेळी मीही तसेच करीन.

आमिषाचे राहिले होते. दोन वाट्या शेंगदाण्याची पेंड मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजावी आणि गार करून बारीक करावी. त्यात एक वाटी कणीक, अर्धी वाटी तांदळाचा कोंडा, सुपारीएवढा गूळ आणि चिमूटभर कुटलेली बडीशेप घालून तलावाच्याच पाण्यात मळावे. नळाचे पाणी वापरू नये. गोळा बोटांत दाबला की त्याच्या कडा फुटल्या पाहिजेत पण तो विस्कटता कामा नये. पाण्यात सोडल्यावर सात-आठ मिनिटांत तो विरघळू लागला तर मळणे बरोबर झाले. कटल्यासाठी याहून सैल, रोहू आणि मृगळ यांच्यासाठी एवढाच घट्ट. मृगळीला गांडूळही चालते. बसण्याआधी तासभर त्याच पिठाचे चार-पाच मोठे गोळे जागेवर टाकून ठेवावेत आणि मग शांत बसावे. उथळ पाण्यात पाळीवरून चालणाऱ्याच्या पावलांचा कंप माशाला जाणवतो, म्हणून शक्यतो बसूनच राहावे. वडिलांच्या दृष्टीनेही ते सोयीचेच आहे.

झाडीकर — 8 डिसेंबर, रात्री 9:40

प्रवासाबद्दल थोडक्यात. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येते. मुंबईकरांना विदर्भ एक्सप्रेस आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावर सौंदड आणि अर्जुनी ही स्थानके आहेत. वडिलांसाठी मात्र नागपूरला उतरून गाडी करावी असे सुचवीन. साकोली तिथून महामार्गाने सुमारे 100 किलोमीटर आहे. मुक्काम साकोलीत ठेवला तर नवेगाव बांध आणि लाखांदूर ही दोन्ही ठिकाणे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत. चार दिवसांत दोनच तलाव धरावेत. रोज नवे पाणी शोधत फिरणाऱ्याला कोणतेच पाणी कळत नाही.

पाणथळ — 2 मार्च, रात्री 9:05

धाग्यावर परत आलो आहे, कारण आपण सर्वांनी दिलेल्या माहितीचे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

जानेवारीत मी एकटा जाऊन दोन गावांच्या संस्थांना भेटून आलो. एका संस्थेने नम्रपणे नकार दिला, कारण त्यांची जाळी त्याच आठवड्यात लागणार होती. दुसऱ्या संस्थेच्या सचिवांनी होकार दिला, दिवसाला तिघांत मिळून चार मासे असे ठरले आणि त्यांनी दर सांगितला. दलालाला फोन केला नाही.

पहिल्या दिवशी काहीच लागले नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी आमच्या दांड्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि सचिवांच्या मुलाने आणून दिलेल्या बांबूच्या काठीला दोरा बांधून घेतला. तुडुमापासून दहा पावलांवर, जांभळाखाली, ते दोन तास हलले नाहीत. तरंगा आधी आडवा झाला, मग सावकाश एका बाजूला सरकू लागला. आम्ही दोघे उठून ओरडणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने थांबण्याची खूण केली. तरंगा बुडाला, त्यांनी मनगट फिरवले आणि काठी अर्ध्यापर्यंत वाकली. रीळ नव्हते, त्यामुळे मासा जिकडे जाईल तिकडे काठी झुकवत त्याला दमवावे लागत होते. पाच-सहा मिनिटांनी रोहू काठाशी कुशीवर आला तेव्हा त्याच्या खवल्यांच्या कडा उन्हात तांबूस दिसत होत्या. सचिवांच्या काट्यावर तो 1 किलो 350 ग्रॅम भरला. पावती वडिलांनी स्वतःच्या नावाने करून घेतली आणि ती पाकिटात ठेवली. संध्याकाळी सचिवांच्या घरी तोच मासा जवसाचे तेल घालून शिजला आणि भाताबरोबर आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

चार दिवसांत एकूण नऊ मासे लागले. पाच रोहू, दोन मृगळ आणि एक कटला आम्ही तोलून घेतले. एक शिंगी होती, ती लगेच सोडली. मरळ एकदाच दिसली. पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती श्वास घेण्यासाठी वर आली, पाण्यावर एक गोल उठला, भावाने बेडूक त्यापलीकडे टाकून हळूहळू ओढत आणला, तिने झडप घातली आणि दोरा कमळाच्या देठांत अडकून ती निसटली. वैनगंगाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे वनस्पती पुन्हा लावलेला एक तलाव तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. त्याच दिवशी नवेगाव बांधलाही जाऊन आलो.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन दुरुस्त्या नोंदवतो. शांतगळ यांनी सांगितलेले आमिष त्या तलावात थोडे अधिक घट्ट मळावे लागले, कारण चिलापी (तिलापिया) आणि इतर बारीक मासे गोळा तीन-चार मिनिटांतच कुरतडून टाकत होते. आणि फेब्रुवारीच्या शेवटीही सकाळी आठच्या आत बसण्यात अर्थ नव्हता. नऊपैकी सात मासे दुपारी 12 ते 4 या वेळात लागले, तेव्हा सावलीची जागा सकाळीच हेरून ठेवावी.